शिवणारी कोण?

(मोठ्या गटासाठी वाचनपाठ. पालकांनीही अवश्य वाचावा.)

मुलांनो, गेल्या महिन्यात मोठ्या गटाने 'कर्ता' शिकला. वाक्यातील कर्ता ओळखण्याची एक सोपी युक्ती व्याकरणाच्या पुस्तकात दिली आहे. क्रियापदातला धातू घ्यायचा, त्याला 'णारा', 'णारी' किंवा 'णारे' लावायचे आणि पुढे 'कोण?' असे विचारायचे. 'राजू आंबा खातो.' खाणारा कोण? राजू. म्हणून राजू हा कर्ता. 'आजीने गोधडी शिवली.' शिवणारी कोण? आजी.

आता हे वाक्य पाहा: 'झगा शिवला गेला.' शिवणारी कोण? वाक्य गप्प बसते. व्याकरणाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण त्यातून शिवणारी व्यक्ती नाहीशी झाली आहे.

आम्ही पोटापाण्यासाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. आमच्या ऑफिसात असली वाक्ये फार लोकप्रिय आहेत. 'मी चूक केली' असे सहसा कोणी म्हणत नाही. 'चूक झाली' असे म्हणतात. घरीही तेच! 'मी पेला फोडला' हे वाक्य आमच्या घरात अजून ऐकू आलेले नाही. पेला नेहमी आपोआप फुटतो. पण जी युक्ती चूक लपवायला उपयोगी पडते, तिने चांगले कामही लपवता येते. आज आपण अशा काही माणसांची ओळख करून घेऊ, ज्यांचे काम लोकांनी डोळे भरून पाहिले आणि वाक्यातून नाव मात्र गाळून टाकले. ही माणसे म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिवणकार आणि डिझायनर. वाचताना प्रत्येक ठिकाणी आपला एकच प्रश्न विचारायचा: शिवणारी कोण? शिवणारा कोण?

आधी एक शब्द: बेतणे

'डिझाइन करणे' याला मराठीत काय म्हणायचे, असे एका मुलाने वर्गात विचारले होते. कपड्यांपुरता तरी आपल्याकडे एक छान जुना शब्द आहे: 'बेतणे'. शिंपी आधी माप घेतो. मग बाही कापडाच्या कोणत्या भागातून निघेल, गळा कुठे येईल, कापड वाया कसे जाणार नाही, याचा विचार करून तो कापड कापतो. हे बेतणे. 'उद्या सहलीचा बेत आहे' यातला बेतही याच शब्दाचा भाऊ. शिवण चुकली तर उसवता येते, पण कापड चुकीचे बेतले तर ते पुन्हा जोडता येत नाही. म्हणून खरी कसोटी बेतणाऱ्याची असते. हे डोक्याचे काम आहे. पुढच्या गोष्टी वाचताना हे लक्षात ठेवा, कारण शिवणाऱ्या बायकांना लोकांनी फक्त हात आहेत असे समजले, डोके नाही.

सुईने विकत घेतलेले स्वातंत्र्य

एलिझाबेथ केक्ली यांचा जन्म १८१८ साली व्हर्जिनियात गुलामगिरीत झाला. गुलामगिरीत माणूस दुसऱ्या माणसाची मालमत्ता असे. त्याने कष्ट करायचे आणि कमाई मालकाने घ्यायची. एलिझाबेथला आईने शिवण शिकवली. पुढे मालकाचे कुटुंब सेंट लुईसला आले, तेव्हा त्यांची परिस्थिती बेताची होती. तिथे केक्लींच्या सुईवर सतरा माणसांचे घर दोन वर्षे पाच महिने चालले, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. शिवणाऱ्या केक्ली, पैसे मात्र मालकाचे!

त्यांनी स्वतःचे आणि मुलाचे स्वातंत्र्य विकत मागितले. किंमत ठरली १२०० डॉलर. ज्या बायकांचे कपडे त्या शिवत, त्यांनी ही रक्कम उसनी दिली. १८५५ मध्ये मायलेक मुक्त झाले आणि नंतर केक्लींनी शिवणकाम करून ते कर्ज फेडले. १८६० मध्ये त्या वॉशिंग्टनला आल्या आणि १८६१ पासून राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीचे, मेरी लिंकन यांचे पोशाख शिवू लागल्या. १८६८ मध्ये त्यांनी आपली हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ज्या बाईला एकेकाळी स्वतःची कमाईसुद्धा स्वतःची म्हणता येत नव्हती, तिने पुस्तकावर स्वतःचे नाव घातले.

पन्नास वार रेशीम आणि दहा दिवस

आता आजच्या पाठातली मुख्य गोष्ट. अॅन लो यांचा जन्म १८९८ मध्ये अलाबामा राज्यातील क्लेटन गावी झाला. त्यांची आजी गुलामगिरीत असताना शिवणकाम करीत असे. आईही उत्तम शिवी. छोटी अॅन आईच्या पायाशी बसून चिंध्या गोळा करी आणि त्यांची फुले बनवी. पुढे कापडाची फुले हीच तिच्या कामाची खूण झाली. १९१४ मध्ये आई अचानक वारली. आईच्या हातात त्या वेळी अलाबामाच्या गव्हर्नरच्या पत्नीचे काम होते आणि त्यातले चार झगे अपुरे होते. सोळा वर्षांच्या अॅनने ते पुरे करून दिले.

१९१७ मध्ये ती न्यूयॉर्कला शिवणाच्या शाळेत गेली. वर्गात बाकी सगळ्या मुली गोऱ्या. म्हणून तिला वेगळ्या खोलीत एकटीला बसवले. गंमत अशी, की तिने केलेले काम नमुना म्हणून त्याच वर्गातल्या मुलींना दाखवले जाई! ठरलेल्या वेळेच्या निम्म्या वेळात तिने अभ्यासक्रम पुरा केला. त्यानंतर फ्लोरिडातील टॅम्पा शहरात तिने स्वतःचे दुकान थाटले, पैसे साठवले आणि १९२८ मध्ये ती न्यूयॉर्कला परत आली. अमेरिकेतील अतिश्रीमंत घराण्यांतल्या मुली आता तिच्याकडून झगे शिवून घेऊ लागल्या. पण नाव? १९४७ मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलंड या नटीने ऑस्कर पारितोषिक घेताना जो फुलांचा झगा घातला होता, तो अॅन लो यांच्या हातचा होता. आतल्या पट्टीवर नाव मात्र त्या वेळी लो जिथे काम करीत त्या दुकानाचे होते.

१९५३ साली जॅकलीन बूव्हिए या मुलीचे लग्न सेनेटर जॉन केनेडी यांच्याशी ठरले. हेच केनेडी पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. नवरीचा झगा आणि करवल्यांचे झगे शिवण्याचे काम नवरीच्या आईने अॅन लो यांना दिले. नवरीच्या झग्याला सुमारे पन्नास वार हस्तिदंती रंगाचे रेशीम लागले. 'वार' म्हणजे यार्ड. आपली नऊवारी साडी नऊ वार लांब असते. म्हणजे एका झग्यात साडेपाच नऊवारी साड्या! सगळे कापड बारीक चुण्या घालून, वर्तुळाकार पट्ट्या बसवून शिवलेले होते. दोन महिने काम चालले.

लग्नाला दहा दिवस उरले असताना लो यांच्या कारखान्यात पाण्याचा नळ फुटला. पंधरा झग्यांपैकी दहा खराब झाले. त्यात नवरीचाही होता. आता काय करायचे? नवरीकडच्या लोकांना सांगितले असते तर काम हातचे गेले असते आणि 'हिच्याकडून झाले नाही' हा शिक्का कायमचा बसला असता. लो यांनी कोणाला काही सांगितले नाही. नवे रेशीम विकत आणले, मदतीला आणखी बायका घेतल्या आणि दोन महिन्यांचे काम दहा दिवसांत पुन्हा उभे केले. या कामात त्यांना ७०० डॉलर नफा होईल असा हिशेब होता. प्रत्यक्षात २,२०० डॉलर तोटा झाला.

झगे घेऊन लो न्यूपोर्टला, नवरीच्या घरी, स्वतः गेल्या. दारावरच्या माणसाने त्यांना मागच्या, नोकरांच्या दाराने यायला सांगितले. समोरच्या दाराने घेत नसाल तर झगे परत नेते, असे लो यांनी सुनावले. त्या समोरच्या दारानेच आत गेल्या. ही हकीकत त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते आणि ती ऐकून आमच्या वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

१२ सप्टेंबर १९५३ रोजी लग्न झाले. फोटो जगभर छापून आले. कापड कोणते, गळा कसा, परकर केवढा, सगळे लिहून आले. शिवणाऱ्या बाईंचे नाव जवळजवळ कुठेच आले नाही. १९६१ मध्ये, जॅकलीन केनेडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी झाल्यावर, एका मासिकाने लिहिले की झगा नामवंत डिझायनरचा नव्हता, एका कृष्णवर्णीय शिवणाऱ्या बाईने शिवला होता. लो यांनी जॅकलीन केनेडींना पत्र लिहून दुःख कळवले. त्यांचे म्हणणे साधे होते: माझा उल्लेख करायचाच असेल तर नामवंत डिझायनर म्हणून करा, कारण ती मी आहे.

मुलांनो, इथे 'शिवला गेला' असे वाक्य नव्हते हे लक्षात घ्या. वाक्यात कर्ता होता: 'एका बाईने'. आपली युक्ती वापरली तर उत्तरही मिळते. तरीसुद्धा नाव गाळलेलेच होते. व्याकरण पुरे झाले, पण न्याय पुरा झाला नाही.

लो यांचा हिशेब नेहमी कच्चा राहिला. त्या कामाची किंमत कमी लावत आणि कापडावर हात सैल सोडत. जमाखर्च त्यांचा मुलगा पाहत असे. तो १९५८ मध्ये मोटार अपघातात गेला. कर थकला. काचबिंदूने एक डोळा गेला. १९६० नंतरच्या वर्षांत कोणीतरी नाव न सांगता त्यांची कराची मोठी बाकी भरून टाकली. हे जॅकलीन केनेडींनीच केले असावे, असे लो यांना शेवटपर्यंत वाटत असे. १९८१ मध्ये, ८२ व्या वर्षी, त्या वारल्या.

आता त्यांचे झगे वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहेत. १९७९ मध्ये लॉइस अलेक्झांडर लेन या बाईंनी हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांच्या फॅशनचे एक संग्रहालय काढले होते. तिथून ते झगे आले. म्हणजे आधी कोणीतरी ते जपून ठेवले, म्हणून आज आपल्याला दिसतात. २०२३ मध्ये डेलावेअरच्या विंटरथर संग्रहालयात लो यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. मूळ लग्नाचा झगा फार नाजूक झाल्यामुळे डेलावेअर विद्यापीठातील शिक्षिका कात्या रोल्स यांनी त्याची हुबेहूब प्रत तयार केली. शिवणारी कोण, हे या वेळी मात्र सगळ्यांनी लिहिले.

उसने घेतले कोणी?

आता हार्लेमला, १२५ व्या रस्त्यावर जाऊ. तिथे १९८२ मध्ये डॅनियल डे या कारागिराने दुकान उघडले. सगळे त्यांना 'डॅपर डॅन' म्हणत. 'डॅपर' म्हणजे टापटीप, ऐटदार. दुकान रात्रंदिवस उघडे असे. गायक, मुष्टियोद्धे, खेळाडू तिथे कपडे शिवायला येत. मोठ्या युरोपीय कंपन्यांची चिन्हे चामड्यावर कशी छापायची, याची रीत डॅपर डॅन यांनी स्वतः प्रयोग करकरून शोधून काढली. शाई वाळल्यावर तडकू नये, चामडे वाकवले तरी निघू नये, हे सोपे नव्हे. आम्हा इंजिनियर मंडळींना या माणसाबद्दल विशेष आपुलकी वाटते ती यामुळे! त्या कंपन्या असे कपडे बनवतच नव्हत्या. चिन्ह त्यांचे होते, पण बेत डॅपर डॅन यांचा होता.

अर्थात दुसऱ्याचे चिन्ह परवानगीशिवाय वापरणे कायद्यात बसत नाही. कंपन्यांनी दावे लावले, छापे पडले आणि १९९२ मध्ये दुकान बंद झाले.

पंचवीस वर्षांनी, २०१७ मध्ये, गुची या इटालियन कंपनीने एका प्रदर्शनात फुगीर बाह्यांचे एक जाकीट दाखवले. डायन डिक्सन यांना ते पाहून आश्चर्य वाटले. त्या १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रिलेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या धावपटू. अगदी तसेच जाकीट डॅपर डॅन यांनी १९८९ मध्ये त्यांना शिवून दिले होते! त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी प्रसिद्ध केले आणि ज्याचे श्रेय त्याला द्या असे म्हटले. बरीच ओरड झाली. कंपनीने डॅपर डॅन यांना आदर म्हणून हे केले असे सांगितले, त्यांच्याशी भागीदारी केली आणि २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्यांच्यासाठी पुन्हा कारखाना उघडून दिला.

वर्गात या गोष्टीवर चांगलाच वाद झाला. एक मुलगी म्हणाली, "काका, आधी त्यांनीच दुसऱ्याचे चिन्ह घेतले ना?" प्रश्न योग्य आहे आणि त्याचे एका वाक्यात उत्तर आम्हाला देता येत नाही. एवढेच म्हणतो: डॅपर डॅन यांनी घेतले ते सगळ्यांना दिसेल असे, मोठ्या अक्षरांत घेतले. कोणाचे आहे हे लपवले नाही. त्यांच्याकडून घेतले गेले तेव्हा आधी त्यांचे नाव सांगितले गेले नव्हते. ('घेतले गेले'! पाहिलेत, आम्हीही तीच वाक्यरचना वापरली.)

मुलीच्या लग्नात

१९४८ मध्ये फिलाडेल्फियात जन्मलेल्या विली स्मिथ यांची गोष्ट थोडी आनंदाची आहे. त्यांनी १९७६ मध्ये लॉरी मॅले यांच्याबरोबर 'विलीवेअर' ही कंपनी काढली. कंपनीला स्वतःचेच नाव दिले. त्यांचे कपडे सैल, सुती, धुवायला सोपे आणि साध्या माणसाला परवडतील असे असत. राणीसाठी कपडे करण्यापेक्षा तिला हात हलवून दाखवायला रस्त्यावर जमणाऱ्या लोकांसाठी ते करावेत, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे प्रसिद्ध आहे. त्यांचे पहिले सुती कपडे भारतात तयार झाले आणि कापडाच्या कामासाठी ते पुढेही भारतात येत राहिले. त्यांच्या कपड्यांचे कागदी नमुनेही विकत मिळत, म्हणजे ज्याला दुकानातला कपडा परवडत नाही त्याने घरी बेतावा आणि शिवावा. १९८३ मध्ये त्यांना अमेरिकन फॅशनमधील मानाचे कोटी पारितोषिक मिळाले.

१९८६ मध्ये जॅकलीन केनेडी यांच्या मुलीचे, कॅरोलाइनचे, लग्न झाले. नवरदेवाचा सूट आणि त्याच्या सोबत्यांचे कपडे विली स्मिथ यांनी केले होते आणि वर्तमानपत्रांनी त्यांचे नाव छापले. आईच्या लग्नात 'एका बाईने', मुलीच्या लग्नात 'विली स्मिथ यांनी'. मध्ये तेहतीस वर्षे गेली. दुसऱ्याच वर्षी, १९८७ मध्ये, ३९ व्या वर्षी, स्मिथ वारले.

कपडा आणि मान

२०२५ च्या मे ते ऑक्टोबर या काळात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात कृष्णवर्णीय पुरुषांच्या पोशाखाचे मोठे प्रदर्शन होते. बर्नार्ड कॉलेजच्या प्राध्यापिका मोनिका मिलर यांच्या अभ्यासावर ते आधारलेले होते. वर्गातली काही मुले आणि पालक मिळून आम्ही ते पाहिले. एका ठिकाणी फ्रेडरिक डग्लस यांचा कोट होता. डग्लस गुलामगिरीत जन्मले आणि १८३८ मध्ये खलाशाच्या वेषात आगगाडीत बसून निसटले. पुढे मोठे वक्ते आणि लेखक झाले आणि आयुष्यभर नीटनेटक्या पोशाखात फोटो काढून घेत राहिले. कृष्णवर्णीय माणसाची टिंगल करणारी चित्रे तेव्हा वर्तमानपत्रांत सर्रास छापली जात. डग्लस यांचा फोटो हे त्यांना उत्तर होते. दुसऱ्या ठिकाणी विद्वान लेखक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या धोब्याच्या पावत्या ठेवल्या होत्या. मुलांना हसू आले. पण विचार करा: ज्या माणसाच्या कॉलरवरचा एक डागसुद्धा त्याच्या सगळ्या समाजाच्या माथी मारला जाई, तो माणूस पावत्या जपून ठेवणारच.

याच डुबॉइस यांना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि तिथून हार्लेम चालत जाण्याजोगे आहे. बाबासाहेबांचा सूट आपण सर्वांनी पुतळ्यांत पाहिला आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला परिषद भरली, तेव्हा त्यांनी स्त्रियांना सांगितले की लुगडे नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती पद्धत आणि ते दागिने सोडून द्या. कपड्यांनी माणसाला खाली बसवता येते, तसे उभेही राहता येते, हे त्यांना ठाऊक होते.

मराठीत 'शिवणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सुईने शिवणे आणि दुसरा स्पर्श करणे. 'शिवाशिव' हा शब्द दुसऱ्या अर्थातून आला. अॅन लो यांनी शिवलेले रेशीम नवरीच्या अंगाला चालत होते, पण त्या स्वतः समोरच्या दाराने आलेल्या चालत नव्हत्या. आपल्या भाषेत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात शेजारी राहतात. तो शब्द ऐकून आम्हाला महाड आठवले, यात नवल नाही.

पालकांसाठी थोडेसे

हे आता मुलांनी वाचले नाही तरी चालेल, पण ती वाचतीलच. पालकहो, आपल्या घरांत कृष्णवर्णीय लोकांबद्दल बोलताना एक शब्द हळूच, मराठीत वापरला जातो. तो शब्द आम्ही येथे छापत नाही. प्रत्येकाला तो ठाऊक आहे. मुलांना मराठी येत नाही अशी तक्रार करणाऱ्या आपल्याला वाटते की हा शब्दही त्यांना कळत नसेल. तो त्यांना नेमका कळतो! आम्हीही तो एकेकाळी वापरला आहे. 'वापरला जातो' असे वर लिहिले ते चूक आहे. वापरणारे कोण? आम्ही.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, तेव्हा ते त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. ते कधी अमेरिकेत आले नव्हते. आपण तर इथे राहतो. पुण्यात बसून त्यांना जे दिसले, ते आपल्याला शेजारी राहून दिसू नये?

शब्दार्थ

बेतणे – माप पाहून, विचार करून कापड कापणे
उसवणे – शिवण काढून टाकणे
वार – यार्ड; तीन फूट
करवली – लग्नात नवरीची किंवा नवऱ्याची पाठराखण करणारी मुलगी
चुणी – कापडाला घातलेली बारीक घडी
हस्तिदंती – हस्तिदंताच्या रंगाचा, पिवळसर पांढरा
श्रेय – केलेल्या कामाचा मान

इंग्रजीत सगळ्याला एकच क्रियापद, मराठीत पाहा: साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, गजरा माळतात, टिकली लावतात. 'आई, तू साडी घातलीस?' असे म्हणू नये!

स्वाध्याय

१. पुढील वाक्यांत 'शिवणारी कोण?' हे विचारा. उत्तर मिळत नसेल तर पाठाच्या मदतीने वाक्य पुन्हा लिहा.
(अ) नवरीचा झगा दहा दिवसांत पुन्हा शिवला गेला.
(आ) ऑस्कर समारंभातील फुलांचा झगा सर्वांना आवडला.
(इ) केक्लींनी मेरी लिंकन यांचे पोशाख शिवले.

२. पन्नास वारांत किती सहावारी साड्या होतील? किती वार उरेल?

३. डॅपर डॅन यांच्या गोष्टीत तुम्हाला कोणाचे म्हणणे पटते? पाच वाक्यांत लिहा. दोन्ही बाजू लिहिल्यास जास्त गुण.

४. अंगातल्या सदऱ्याच्या आतली पट्टी वाचा. त्यावर कंपनीचे नाव आहे, देशाचे नाव आहे. शिवणाऱ्याचे आहे का?

५. आजीला फोन करा. आईच्या लग्नातला ब्लाउज कोणी शिवला होता, ते विचारा. 'आपल्या शिंप्याने' असे उत्तर आले तर तिथे थांबू नका. त्यांचे नाव विचारा आणि ते वहीत लिहून आणा. आम्ही आमच्या आईला विचारले, तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली. तीस वर्षे ज्यांनी घरातल्या सगळ्यांचे कपडे बेतले, त्यांचे आडनावसुद्धा तिला आठवेना. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. शेजारणीला विचारून तिने नाव मिळवले होते. पुढच्या रविवारी तुमच्या वह्यांत जी नावे असतील, त्यांच्या शेजारी आम्हीही ते फळ्यावर लिहू.